न तपासता मारलेला ठसा

मी मुद्रितशोधक. एका प्रकाशन संस्थेत सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला, आणि निवृत्त झाल्यावर फुलपाड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून घरच्यांच्या चुका काढायला लागले. त्यावर उपाय म्हणून नवऱ्याने ओळखीच्या एका शाळेच्या स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात घातलं. ती स्मरणिका मी जरा जास्तच खरी लिहिली. शाळेचं छप्पर तीन वर्षं गळत होतं आणि त्या काळात मुख्याध्यापकांनी आधी स्वतःच्या खोलीवर नवे पत्रे घालून घेतले, हेही लिहिलं. शाळेने ते पान जसंच्या तसं छापलं, कारण छापण्याआधी कोणी वाचलंच नव्हतं.

त्या पानामुळे मला पुढचं काम मिळालं.

"तुम्हीच ना ते पत्र्यांचं लिहिलंत?" फोनवर एक तरुण बाई विचारत होती. मला वाटलं, मुख्याध्यापकांची कोणी नातेवाईक असणार. पण ती त्या शाळेची माजी विद्यार्थिनी निघाली. वसई पूर्वेला सातिवलीत तिच्या आजोबांनी सुरू केलेला विजेच्या सामानाचा कारखाना आता ती बघत होती. मेन स्विच, पंपाचे स्टार्टर, वायरिंगच्या पेट्या असा माल. कारखान्याचा इतिहास लिहून हवा होता.

मी भेटायला गेले. एकाला एक लागून चार गाळे, मधल्या भिंती पाडून एक केलेले. पहिला गाळा आजोबांनी घेतला तेव्हा समोर भाताची खाचरं होती म्हणे. आता समोर पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोडाऊन आहे.

"मला जाहिरात नकोय," ती म्हणाली. "आजोबांच्या फोटोला हार, मग त्यांचा संघर्ष, मग शुभेच्छा, अशी पुस्तकं आम्हालाही येतात. कोणी उघडत नाही. मला हे पुस्तक नवीन कामाला लागणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचंय. त्याला कळायला हवं की इथे माणसं काम करत होती."

"आणि वाईट काही सापडलं तर?"

"सापडेल ते लिहा."

काचेपलीकडच्या टेबलावर तिचे वडील ड्रॉइंग तपासत बसले होते. साठीकडे झुकलेले, तरी कारखान्यात त्यांना अजून 'धाकटे शेठ'च म्हणत. त्यांनी मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. हो नाही, की नको नाही.

पाच महिने मी कागद चाळले, माणसांना भेटले. पहिल्या मेन स्विचचा दांडा दुकानदाराच्या हातात कसा निघून आला, ते लिहिलं. संपाचं लिहिलं. त्या संपात दोन्ही बाजू थोडंथोडं खोटं बोलल्या होत्या, तेही लिहिलं. मोठ्या शेठचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, सख्खा भाऊ भांडून निघून गेला, त्याची बाजू त्याच्या मुलीला विचारून घातली. आपण फार निष्पक्ष लिहितोय असं मला वाटायला लागलं होतं. आणि एका गोष्टीने तर मी खरोखर भारावले होते.

तयार झालेला प्रत्येक नग खोक्यात भरण्याआधी टेस्टिंगच्या टेबलावर जायचा. आतल्या वीज वाहणाऱ्या भागांवर विजेचा मोठा दाब द्यायचा आणि बाहेरच्या लोखंडी पेटीत वीज उतरते का ते बघायचं. नाही उतरली तरच नगावर हिरव्या शाईचा ठसा, 'टेस्टेड ओके'. ठसा कशासाठी, तर घेणाऱ्याने पेटीला हात लावला तर त्याला काही होणार नाही, यासाठी. कारखान्यात नियम होता की टेस्टिंगचं मशीन बंद असेल तर माल बाहेर जाणार नाही, मग दारात टेम्पो उभा का असेना. मला हे तिघाचौघांनी सांगितलं, आणि सगळ्यांनी एकाच शब्दांत सांगितलं: "मोठ्या शेठचा पहिल्या दिवसापासूनचा नियम." माझ्या धंद्यात तीन ठिकाणी एकच वाक्य दिसलं की एकाने दुसऱ्याचं उतरवलंय असं समजतात. इथे मला तो संशय आला नाही. मी त्यावर आख्खं प्रकरण लिहिलं.

त्या टेबलावर सगळ्यात जास्त वर्षं बसलेल्या बाई गास गावात राहायच्या. मी त्यांना मावशी म्हणायची, त्या मला बाय म्हणायच्या. घरात त्या सुनेशी त्यांच्या बोलीत बोलत, ती मला निम्मीच कळे. माझ्याशी शाळेतली मराठी बोलत, पण त्या मराठीत 'ण' कधी आला नाही. त्यांचं घर आणि त्यांच्या भावाचं घर एकमेकांना लागून, पुढे एकच अंगण, मागे वाडी. भाऊ जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याच्या घरात त्याची बायको एकटी राहायची. मावशी तिला वहिनी म्हणायच्या. माझ्या पहिल्या दोन भेटींत चहा त्या वहिनींनीच आणून दिला होता, आणि जाताना केळीही बांधून दिली होती.

तिसऱ्या खेपेला मी माझं प्रकरण वाचून दाखवायला गेले. ज्याच्याकडून ऐकलं त्याला वाचून दाखवायचं, ही माझी पद्धत. वहिनी सकाळीच भाजी घेऊन बाजारात गेल्या होत्या. मावशी ओट्यावर अळूच्या जुड्या बांधत होत्या. मी वाचायला लागले. 'पहिल्या दिवसापासून' या शब्दांपाशी आले आणि त्यांचा हात थांबला.

"हे कोनी सांगितलं तुला?"

"सगळ्यांनीच."

"पयल्या दिवसापासून नाय ते."

मी पेन काढलं.

"मशीन जळलं होतं," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आदी. त्याचा पार्ट येत नव्हता. माल तर जायचा होता. मोठे शेठ टेबलाजवळ आले. माझ्याकडं बघितलं पन नाय, ठशाकडं बघून म्हनाले, मारत जा, आपले नग चांगलेच असतात. मी मारत गेले. नाताळ झाला तरी मारत होते. एक नग तपासला नाय."

पाच महिन्यांत मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. आणि मी मात्र नियमाच्या गौरवाचं प्रकरण वाचून दाखवत बसले होते.

"मावशी, हे लिहू?"

"थांब. सगळं ऐक." त्यांनी अर्धी बांधलेली जुडी सोडून दिली. "त्यातलाच एक स्टार्टर मी भावासाठी आनला. विहिरीवरच्या मोटरीला. त्याच्यावर ठसा माज्याच हातचा. त्या उन्हाळ्यात तो सकाळी मोटर चालू करायला गेला. बराच वेळ पानी आलं नाय म्हनून मी बघायला गेले. स्टार्टरच्या खाली पडलेला. हात असा."

हात कसा ते त्यांनी दाखवलं. मी बघितलं नाही. माझी नजर शेजारच्या बंद दाराकडे गेली.

"वहिनींना माहीत आहे?"

"नाय. फादरला सांगितलंय, पापनिवेदनात. आनि आता तुला."

"इतकी वर्षं?"

"तिला काय सांगू? ती रोज मला वाटीतून कालवन आनून देते."

नालासोपाऱ्यापर्यंत रिक्षाने आले आणि पूर्वेला जायचा पूल चढताना लक्षात आलं की माझी पिशवी, चष्म्यासकट, त्यांच्या ओट्यावर राहिलीय. परत जायचं धैर्य झालं नाही. घरी येऊन जुन्या चष्म्याने मी त्या प्रकरणाची घरची प्रत पुन्हा वाचली. एकही शब्द अशुद्ध नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले आणि मोठ्या शेठच्या नातीला सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली, "शक्य नाही." मग म्हणाली, "आजोबा?" मग उठली आणि काचेचं दार उघडून तिने वडिलांना आत बोलावलं. त्यांनी उभ्यानेच ऐकलं. ठसा न तपासता मारला, इथपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणजे ते त्यांना माहीत होतं. पण भाऊ त्या स्टार्टरने गेला असं मावशी मानतात, हे ऐकल्यावर त्यांनी मागे हात नेऊन टेबल पकडलं.

"त्या असं समजतात?"

"तीस-एक वर्षं."

"पण तसं नव्हतंच ते," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "शुक्रवारी या. सुट्टी असते. दाखवतो."

शुक्रवारी आमच्या बाजूचे कारखाने बंद असतात. त्या शांततेत चार गाळ्यांचं ते एकच मोठं दालन फार परकं वाटत होतं. धाकट्या शेठनी स्टोअरच्या मागचं लोखंडी कपाट उघडलं, खालच्या खणातून गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. पंपाचा स्टार्टर. करड्या रंगाची पेटी, हिरवं बटण, लाल बटण, आणि कोपऱ्यात फिकट हिरवा ठसा. दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर मोठ्या शेठच्या अक्षरात गावाचं नाव आणि 'हा विकू नये'.

नातीने तो पहिल्यांदाच पाहिला होता. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मातीच्या दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी गासला गेलो," धाकटे शेठ सांगू लागले. "मी तेव्हा नुकताच कॉलेजमधून आलेलो. बाबांनी स्टार्टर उतरवून घेतला. मावशी समोर उभ्या होत्या. बाबा म्हणाले, दुसरा पाठवतो. बस, तेवढंच बोलणं. इथे आणला. तोवर मशीन दुरुस्त झालं होतं. बाबांनी तीन वेळा टेस्ट केला, तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी. नग चांगला होता."

त्यांनी एक वही उघडली. मोठ्या शेठची चाचणीची वही. मी आधीही चाळलेली, पण या पानावर नुसते आकडे होते आणि आकड्यांपाशी मी थांबले नव्हते.

"मग शॉक कशाचा लागला?" मी विचारलं.

"मोटरचा. आम्ही परत जाऊन मोटर तपासली. जुनी होती, आतलं वायंडिंग भिजून खराब झालेलं. मोटरच्या अंगावर वीज उतरत होती, आणि पाइपामधून ती स्टार्टरच्या पेटीपर्यंत येत होती. अर्थिंग असतं तर ती जमिनीत गेली असती. अर्थिंगचा खड्डा खणलेला होता. वायर जोडलीच नव्हती. एक वेटोळं करून खिळ्याला अडकवून ठेवली होती."

"आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही."

"बाबा म्हणाले, त्याच्या घरात जाऊन काय सांगणार? तुमच्या माणसाची चूक म्हणून? आपण मालक. लोक म्हणतील, स्वतःला वाचवतायत. आणि..." ते थांबले. "आणि मावशींनी विचारलं असतं, मग आपला नग तपासला होता का, तर बाबांना नाही म्हणावं लागलं असतं. नियम त्यानंतर झाला. मशीन बंद तर माल बंद. कशामुळे ते कोणी विचारलं नाही. हळूहळू तो पहिल्या दिवसापासूनचा झाला."

"त्या नंतरही वर्षानुवर्षं तुमच्यासमोर त्याच टेबलावर बसत होत्या," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तुम्हाला कधी वाटलं नाही?"

"नाही वाटलं. त्या कमी बोलायच्या. मला वाटायचं, भाऊ गेला म्हणून."

नात खुर्चीत बसून राहिली होती. "पपा, एक वाक्य होतं," ती म्हणाली. "फक्त एक वाक्य सांगायचं होतं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मी जातो सांगायला. तुम्ही चला माझ्याबरोबर."

आम्ही गासला गेलो तेव्हाही वहिनी बाजारातच होत्या. ती वेळ मीच साधली होती. धाकटे शेठ आलेले बघून मावशींनी पदर सारखा केला आणि खुर्ची पुसून पुढे ठेवली. ते बसले नाहीत. उभ्याने, मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. स्टार्टर चांगला होता. मोटर खराब होती. वायर जोडली नव्हती. बाबांना माहीत होतं. मला माहीत होतं.

मला वाटत होतं, मावशी रडतील. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं काहीतरी दिसेल, अशी माझी अपेक्षा होती. त्या नुसत्या ओट्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "वहीत लिवलंय?"

"हो. बाबांच्या हातचं आहे."

"वहीत काय. ठसा पन मी हातानंच मारायची." त्या उठल्या, आणि ज्या माणसाला त्या जन्मभर शेठ म्हणत आल्या त्याला म्हणाल्या, "तुज्या बापानं माज्या डोळ्यांसमोरनं तो उतरवून नेला. मी समजले, पुरावा नेला. मी म्हटलं, दोघं मिळून मारला आमी त्याला, आनि शेठ मला सांभाळून घेतायत. त्या उपकारासाठी मी परत कामावर आले. कळतंय तुला?"

धाकट्या शेठनी हात जोडले. मावशींनी त्या हातांकडे बघितलंसुद्धा नाही.

"आहे का तो अजून?"

"आहे."

"मला तपासायचाय. माज्या हातानं."

दुसऱ्या दिवशी गाडी पाठवली. मावशी चर्चला जाताना नेसतात ते लुगडं नेसून आल्या. धाकटे शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "इतकी वर्षं कपाटात पडलाय. दमट हवा. आता फेल झाला तर त्याचा अर्थ तेव्हा खराब होता असा होत नाही. पण त्यांना हे कसं पटवणार?" त्यांच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, "मग हे आधीच सांगा त्यांना." त्यांनी सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मला शिकवू नकोस. मशीन दाखव."

मशीन नवीन होतं, काटा जाऊन आकडे पडद्यावर आलेले. मावशींनी दोन वायरी ओळखल्या, एक आत लावली, एक पेटीला, आणि सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. त्यांनी वायरी काढल्या, उलटसुलट करून परत लावल्या. परत हिरवी. मग प्रत्येक टोकाला वेगळी वेगळी. कामगार हातातलं टाकून बघत होते. सहाव्या की सातव्या वेळी नातीने हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा त्या थांबल्या.

"चांगला होता," त्या म्हणाल्या. तेवढंच. मग तिथेच, टेस्टिंगच्या स्टुलावर बसून, त्यांनी पाणी मागितलं.

जाताना गाडीत बसण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावलं. "बाय, ठशाचं लिही. मी मारला, न तपासता मारला, नाव नको टाकू पन लिही. वायरचं नको लिहूस."

मी हबकलेच. "अहो, पण मग लोकांना वाटेल स्टार्टरमुळेच..."

"मग भावाचं पन नको लिहूस. वहिनीला कळलं की तो सोताच्या आळसानं गेला, तर ती या वयात काय करील? माज्यावर राहू दे. मला सवय आहे."

त्यावरून आमच्यात वाद झाला. नातीचं म्हणणं, मृत्यू गाळला तर नियम कुठून आला तेच कळणार नाही, आणि मग हे पुस्तकही हार घातलेल्या फोटोसारखंच होईल. माझंही तेच म्हणणं होतं. पण तिचे वडील, ज्यांना सत्य बाहेर आल्याने खरं तर फायदा होता, तेच म्हणाले, "आपण न तपासता ठसे मारले, हे नियमाला पुरेसं कारण आहे. बाकीचं आपलं नाही." शेवटी तसंच छापलं. मोठ्या शेठनी मशीन बंद असताना ठसे मारायला लावले, कित्येक नग न तपासता बाजारात गेले, ते कुठे गेले याची नोंद नाही, आणि नियम त्यानंतरचा आहे. पहिल्या दिवसापासूनचा नाही.

पुस्तक आलं. एका जुन्या दुकानदाराने ते परत पाठवलं. वर चिठ्ठी होती, असल्या गोष्टी घरात ठेवायच्या असतात. दुसऱ्या एकाने फोन करून त्या काळातला माल अजून कुठे बसवलेला असेल का, असं विचारलं. नातीने त्याच्याकडे माणूस पाठवला. कारखाना बंद वगैरे पडला नाही.

मला खरा धक्का बसला तो त्यानंतर. एक दिवस मावशींचा फोन आला. त्या स्वतः कधी फोन करत नसत. म्हणाल्या, "ये." आवाज असा की मी चपला पायात सरकवून तशीच निघाले.

अंगणात दोघी बसल्या होत्या, मावशी आपल्या ओट्यावर, वहिनी त्यांच्या. दोघींमध्ये एका माणसाच्या चालण्यापुरती जागा, पण एकमेकींकडे बघत नव्हत्या. पुस्तक वहिनींच्या मांडीवर होतं. मावशींना मिळालेली प्रत त्यांनी वाचायला नेली होती. मला वहिनी वाचतील असं सुचलंच नव्हतं. त्या चहा आणून देतात एवढंच मी पाहिलं होतं.

"मी वाचलं ते ठशाचं," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा हिला विचारलं, आपला स्टार्टर त्यातलाच काय? तर ही रडायला लागली. म्हनाली, मीच मारला त्याला." त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या, जणू मी कोणी न्यायाधीश. "आता काय बोलायचं हिला? मला ठाऊक होतं ना वायर जोडली नव्हती ते. दोन दिवस भांडले होते मी त्याच्याशी. वेटोळं खिळ्याला टांगून ठेवलेलं. उद्या जोडतो, उद्या जोडतो. पंचनाम्याला हवालदार आला त्याला पन मी तेच सांगितलं. स्टार्टरचं तर माज्या मनात कधी आलंच नाय."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी त्या आधी कधी तसा पाहिला नव्हता. कारखान्यात, धाकट्या शेठसमोरही नाही.

"हवालदाराला सांगितलं," मावशी म्हणाल्या. "मला नाय सांगितलं."

"तुला काय सांगायचं? तुजा भाऊ होता. मेल्या मानसाची चूक कशाला काढायची तुज्यासमोर?"

"तीस वर्षं."

"तू तरी बोललीस का?"

वाडीत कुठेतरी मोटर चालू होती, पाण्याचा आवाज येत होता. मी तिथे कशाला आले आहे हेच मला कळेना. एकीने दुसरीला जपलं होतं, दुसरीने पहिलीला, आणि मोठ्या शेठनी स्वतःला. सगळ्यांना मिळून हवं ते वाक्य प्रत्येकाकडे थोडंथोडं होतं. मी ते सहा महिने शोधत फिरत होते आणि ज्या बाईने मला केळी बांधून दिली तिला एक प्रश्न विचारला नव्हता.

त्यानंतर मावशी वहिनींशी दीड महिना बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं, सगळं कळल्यावर दोघी गळ्यात पडतील. उलट झालं. कालवणाची वाटी यायची, ती ओट्यावर तशीच राहायची, मांजर खायचं. सून मला फोनवर सांगायची. मग त्यांच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, सणाच्या आदल्या दिवशी वहिनींच्या पायात काच गेली. त्या पट्टी बांधून बसल्या होत्या, म्हणून भाजीची टोपली घेऊन मावशी बाजारात गेल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, "तुजी वांगी किडकी निघाली दोन." तिथून बोलणं सुरू झालं असं सून म्हणते.

पुस्तकाच्या प्रती संपल्या तेव्हा नातीने दुसरी छपाई काढायचं ठरवलं आणि मला विचारलं, आता तरी ते घालायचं का? मी दोघींना विचारायला गेले. मावशी म्हणाल्या, "तिला विचार." वहिनी घरातून पाट घेऊन आल्या, बसल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "वाच बघू काय लिवलंय."

मी वाचलं. आठ ओळी होत्या. नावं नव्हती.

"'निष्काळजीपणा' काढ," वहिनी म्हणाल्या. "तो निष्काळजी नव्हता. त्या दिवसांत कामं फार होती. 'राहून गेलं' असं लिही."

मी तो शब्द खोडला आणि वर 'राहून गेलं' लिहिलं. मावशींनी मान वळवून कागदाकडे पाहिलं. मग अळूच्या पानांकडे वळून म्हणाल्या, "आता बरोबर."